बरगडी की पित्ताशय: एकाच जागेची दोन दुखणी

उजव्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या कडेखाली, तळहात मावेल एवढी जागा. बाहेरून आत जाताना तिथे आधी कातडी लागते, मग पोटाच्या भिंतीचे स्नायू, बरगड्यांच्या टोकांची कूर्चा, त्यांच्यामधून पोटावर उतरणाऱ्या नसा. आणि त्याही आत यकृताची कड, पित्ताशय, मोठ्या आतड्याचं वळण. रुग्ण तिथे हात ठेवून ‘डॉक्टर, इथे’ म्हणतो, तेव्हा यांतलं नेमकं कोण दुखतंय हे त्याला ठाऊक नसतं. पहिल्या भेटीत बहुतेक वेळा ते आपल्यालाही ठाऊक नसतं.

पुढचं प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांत जे वारंवार दिसतं ते एकत्र करून अभ्यासासाठी रचलेलं आहे. हाडं, सांधे आणि स्नायू यांतला बिघाड आतल्या अवयवांच्या कामात ढवळाढवळ करतो, हा ऑस्टिओपथीचा, म्हणजे हाडं-सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणाऱ्या पद्धतीचा, जुना दावा. एकाच रुग्णाच्या बाबतीत तो कुठे टिकतो, कुठे डगमगतो आणि कुठे चक्क उलटा फिरतो, हे दाखवायला हे प्रकरण सोयीचं आहे.

तक्रार

43 वर्षांच्या ग्रंथपाल. चौदा महिन्यांपासून उजव्या बरगड्यांखाली दुखणं, ते मागे खांद्याच्या फऱ्याच्या खालपर्यंत जायचं. जेवणानंतर पोट फुगायचं, ढेकर यायचे, आठवड्यातून चार-पाच रात्री छातीत जळजळ. कधी मळमळ. आणि एक वाक्य, जे त्यांनी आधीच्या प्रत्येक ठिकाणी सांगितलं होतं पण कुठल्याच कागदावर उतरलं नव्हतं: ‘श्वास पूर्ण भरत नाही, अर्ध्यावर अडतो.’

त्यांच्या फायलीत दोन सोनोग्राफी होत्या, दोन्ही स्वच्छ. यकृताच्या रक्ततपासण्या ठीक, एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला किंचित लाली, बाकी काही नाही. पित्ताशय नीट आकुंचन पावतं की नाही हे पाहणारी तपासणीही झालेली, तीही ठीक. आम्ल कमी करणारी गोळी चालू होती, तिने जळजळ थोडी कमी व्हायची, दुखणं नाही. एका ठिकाणी ‘पित्ताशय काढूनच टाकू, मग बघू’ असा सल्ला मिळाला होता. त्या घाबरून उठून आल्या होत्या. पुढे काय झालं ते पाहता त्या सल्ल्याला हसायचा मला फारसा अधिकार नाही, पण त्या वेळी तरी त्याला आधार नव्हता.

दुखणं सुरू कसं झालं? आधी ‘असंच, हळूहळू’ असं उत्तर आलं. पुन्हा विचारल्यावर आठवलं: त्या महिन्यात तापानंतरचा खोकला तीन आठवडे रेंगाळला होता. त्याच सुमारास वरच्या फळीवरून घसरलेला पुस्तकांचा गठ्ठा त्यांनी वळून उजव्या हाताने सावरला होता. ‘उसण भरली होती, दोन दिवसांत गेली.’ गेली असं त्यांना वाटलं.

जेवणाशी संबंध विचारला तेव्हा आणखी एक धागा हाती लागला. दुपारचं जेवण झाल्यावर लगेच खुर्चीत वाकून बसल्या की दुखायचं. सुट्टीच्या दिवशी तेवढंच जेवून फेरफटका मारला तर दुखत नसे. म्हणजे कारण ताटात होतं की खुर्चीत? शिंकताना, कुशीवर वळताना, पलंगावरून उठताना कळ यायची. पुस्तकांची ढकलगाडी वळवताना कधीकधी बरगडीपाशी ‘टक्’ असं व्हायचं.

आधी नाकारायच्या गोष्टी

पाठीला हात लावण्याआधी दुसरी यादी संपवावी लागते, आणि हाताने उपचार करणाऱ्या माणसाने तर ती जास्तच काटेकोरपणे संपवावी. वजन आपोआप घटतंय का? कावीळ, ताप, काळी शी? झोपेतून उठवणारं, कुठल्याच स्थितीत न थांबणारं दुखणं? आधी कधी कर्करोग, दीर्घकाळ स्टिरॉइड, ठिसूळ हाडं? पायांत कमजोरी, लघवीवरचा ताबा? बरगडीच्या ओळीत पुरळ, म्हणजे नागीण? हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखतो म्हणून ईसीजी. यांतलं काही नव्हतं.

ऑस्टिओपथीला सगळीकडे सारखा दर्जा नाही हे इथे लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेत डी. ओ. ही ऑस्टिओपथीची पदवी घेतलेला माणूस पूर्ण वैद्यकीय परवाना असलेला डॉक्टर असतो, औषध लिहितो, शस्त्रक्रियाही करतो. इतर अनेक देशांत ऑस्टिओपाथ म्हणजे फक्त हाताने उपचार करणारा. तिथे ही यादी कोणी तपासायची याचं उत्तर पहिल्याच दिवशी ठरलेलं असावं.

हाताला काय लागलं

पोट मऊ. श्वास आत घ्यायला सांगून पित्ताशयाच्या जागी दाबलं तर श्वास अडला नाही. मग एक अगदी साधी चाचणी केली, जिला कार्नेट या शल्यचिकित्सकाचं नाव आहे. 1926 साली त्याने ती मांडली. रुग्णाला उताणं झोपवून दुखऱ्या बिंदूवर बोट ठेवायचं आणि डोकं-खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतल्या अवयवाला ढाल मिळते; दुखणं आतलं असेल तर कमी होतं. भिंतीतलं असेल तर तसंच राहतं किंवा वाढतं. यांचं वाढलं. ‘हेच, हेच ते!’ त्या जवळजवळ आनंदाने म्हणाल्या. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी दुखणं हुकमी उठवून दाखवलं होतं.

मग बोटं बरगड्यांच्या कडेखाली आकड्यासारखी अडकवून वर-पुढे ओढली. तीच कळ, तोच ‘टक्’. आठवी, नववी आणि दहावी बरगडी छातीच्या मधल्या हाडाला थेट जोडलेली नसते. तिची कूर्चा वरच्या बरगडीच्या कूर्चेला धरून राहते. तो धरबंध सैल झाला की टोक वरखाली सरकतं आणि तिथून जाणाऱ्या नसेला डिवचतं. याला सरकती बरगडी म्हणतात. सातव्या ते अकराव्या बरगडीखालच्या नसा पुढे पोटाच्या भिंतीत शिरतात. म्हणून बरगडीचं भांडण पोटात ऐकू येतं.

पाठीत, उजव्या बाजूला सातव्या ते नवव्या वक्षीय, म्हणजे छातीमागच्या, मणक्यांलगत दोरीसारखा ताठ पट्टा लागला. आठवा मणका उजवीकडे वळलेला, पुढे वाकताना मागे राहणारा. उजव्या खालच्या बरगड्या श्वास घेताना वर येतच नव्हत्या. श्वास सगळा वरच्या छातीतून, मानेचे स्नायू ताणून चाललेला.

ऑस्टिओपथीत अशा ठिकाणाला ‘सोमॅटिक डिसफंक्शन’ म्हणतात. मोडलेलं, झिजलेलं किंवा सुजलेलं नव्हे, तर कामात बिघडलेलं: सांधा, स्नायू, त्यांभोवतीचं आवरण आणि त्यांच्याशी जोडलेल्या रक्तवाहिन्या, लसिका आणि नसा, असा सगळा गट. ओळखायच्या खुणा चार: ऊतींचा बदललेला पोत, डाव्या-उजव्यातली विषमता, अडलेली हालचाल आणि दाबल्यावर दुखणं. एक कबुली देतो. एकाच रुग्णाला दोन अनुभवी माणसांनी तपासलं तर दुखऱ्या जागेबद्दल त्यांचं बऱ्यापैकी एकमत होतं, पण ‘हा मणका उजवीकडे वळलाय’ याबद्दल फारच कमी. त्यामुळे माझ्या टिपणातल्या ‘आठवा मणका’पेक्षा ‘सात ते नऊचा पट्टा, दाबल्यावर दुखतो’ यावर जास्त विश्वास ठेवा.

बाण कोणत्या दिशेचा?

सगळी अडचण इथून सुरू होते. पोटात तक्रार आहे आणि पाठीत बिघाड आहे. दोन्ही एकाच पातळीवर. मग कोणी कोणाला बिघडवलं?

ही पातळी योगायोगाची नाही. जठर, यकृत आणि पित्ताशय यांना जाणारे अनुकंपी चेतातंतू, म्हणजे अवयवांचं काम आपल्या नकळत चालवणाऱ्या नसांचे धागे, मज्जारज्जूच्या साधारण पाचव्या ते नवव्या वक्षीय भागातून निघतात. हृदयाचे पहिल्या ते पाचव्या भागातून, आतड्यांचे त्याखालून. या अवयवांच्या वेदनाही त्याच वाटेने परत येतात आणि मज्जारज्जूत ज्या पेशींवर उतरतात, त्याच पेशींवर पाठीच्या स्नायूंचे आणि कातडीचे तंतूही उतरतात. एका खोलीत दोन घंटा आणि आवाज सारखाच, असं काहीसं. अवयवांकडून येणारे तंतू संख्येने अगदी थोडे आहेत, मज्जारज्जूत येणाऱ्या एकूण तंतूंच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून मेंदू बहुतेक वेळा ‘बाहेर दुखतंय’ असाच अर्थ लावतो. हेन्री हेड या इंग्लिश मेंदूविकारतज्ज्ञाने 1893 मध्ये अवयवांच्या आजारात कातडीचे कोणते पट्टे हुळहुळे होतात याचे नकाशे काढले, ते याच गोंधळाचे नकाशे होते.

म्हणजे पहिली शक्यता: अवयव आजारी, पाठ त्याचा आरसा. याबद्दल फारसा वाद नाही. कोणताही शल्यचिकित्सक पोटाचा ताठरपणा पाहून आतल्या सुजेचा अंदाज बांधतो. तोही हाच प्रकार.

दुसरी शक्यता उलटी: पाठ बिघडली आणि तिने अवयवाला त्रास दिला. अँड्र्यू टेलर स्टिल या अमेरिकी वैद्याने 22 जून 1874 रोजी ऑस्टिओपथीची घोषणा केली आणि 1892 मध्ये अमेरिकेतल्या कर्क्सव्हिल गावी पहिली शाळा काढली, ती या उलट्या बाणावर. त्याच्या लेखी रचनेतला अडथळा रक्तप्रवाह अडवतो आणि तिथे आजार मूळ धरतो. मेंदूज्वराने स्वतःची मुलं गमावलेला आणि त्या काळच्या जहाल औषधांवर चिडलेला तो माणूस होता, हे त्याच्या हट्टामागे दिसतं. पुढे 1940 च्या दशकात कर्क्सव्हिललाच डेन्स्लो आणि कोर या संशोधकांनी मणक्यांवर मोजून दाब दिला आणि स्नायू कधी आकुंचन पावतात ते विजेच्या नोंदीने पाहिलं. काही पातळ्यांवर अगदी हलक्या दाबाने स्नायू उसळले, शेजारच्या पातळीवर जोराने दाबूनही नाही. मज्जारज्जूचा तेवढा तुकडा कायम अर्धवट जागा, सताड उघड्या दारासारखा, अशी कल्पना त्यातून निघाली. कोरचं पुढचं म्हणणं असं की या उघड्या दारातून स्नायूंप्रमाणे अवयवांकडेही जास्तीचे संदेश जात असणार.

जात असणार, की जातात? प्राण्यांत जातात. अकिओ सातो हे जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या पोटावरची कातडी चिमटली की जठराची हालचाल थंडावते हे दाखवलं. मेंदूशी संबंध तोडून फक्त मज्जारज्जू शाबूत ठेवला तरीही. पंजा चिमटला तर उलट हालचाल वाढू शकते, पण ती वाट मेंदूतून आणि तिथून थेट पोटातल्या अवयवांकडे उतरणाऱ्या व्हेगस नसेतून जाते. वाट आहे, यात शंका नाही. पण चिमटा असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ टिकणारा परिणाम, आणि वर्षानुवर्षं अडलेल्या सांध्यामुळे जागत्या माणसाला होणारा आजार, यांत मोठं अंतर आहे. ते अंतर ऑस्टिओपथीच्या अनेक पुस्तकांत एका उडीत ओलांडलं जातं, आणि मला ती उडी आवडत नाही.

तिसरी शक्यता सर्वांत नकोशी: अवयवाला काहीच झालेलं नाही, पाठ फक्त त्याची नक्कल करते आहे. 1995 मध्ये नॅन्सेल आणि स्लाझाक या संशोधकांनी उपलब्ध साहित्याचा मोठा आढावा घेऊन हेच मांडलं. हाताच्या उपचाराने ‘पित्ताचा आजार बरा झाला’, ‘हृदयाचा त्रास गेला’ अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत मुळात अवयवाचा आजार नसावाच. शरीराच्या भिंतीतल्या दुखण्याने त्याचं सोंग घेतलं होतं, सोंग उतरलं. उपचार करणाऱ्याला हे ऐकून थोडं लहान झाल्यासारखं वाटतं. रुग्णाला वाटायचं कारण नाही, चौदा महिन्यांचं सोंगही दुखतंच.

आमच्या रुग्णाच्या बाबतीत मी तिसऱ्या शक्यतेवर बोट ठेवलं, दुखण्यापुरतं. कार्नेट, सरकणारी कूर्चा, खोकला आणि गठ्ठ्याचा इतिहास, स्वच्छ सोनोग्राफी, सगळं एका रेषेत होतं. पोट फुगणं आणि अडलेला श्वास यांना मात्र चौथा रस्ता असावा असं वाटलं, नसांचा नव्हे, यंत्राचा. तो रस्ता श्वासपटलाचा, छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूचा.

श्वासपटल

श्वासपटल खालच्या सहा बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटलेलं असतं आणि त्याचे दोन जाड पाय कमरेच्या वरच्या मणक्यांवर रोवलेले असतात. उजव्या पायाचे तंतू अन्ननलिकेभोवती फास टाकतात. जठरातलं आम्ल वर येऊ न देणाऱ्या झडपेचा तो बाहेरचा अर्धा भाग. त्यामुळे ‘हाडा-स्नायूंचा अन्ननलिकेशी काय संबंध’ असं कोणी विचारलं की मी चेतासंस्थेकडे जातच नाही, हा फास दाखवतो. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे 2012 मध्ये 19 रुग्णांवर छोटी पण नीट आखलेली चाचणी झाली: श्वासपटलाचे व्यायाम केलेल्यांच्या अन्ननलिकेत आम्ल राहण्याचा वेळ मोजून कमी झाला. एकोणीस म्हणजे फार नव्हे, पण मोजलं होतं ते आम्ल, रुग्णाची भावना नव्हे.

पोटफुगीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. बार्सिलोनातल्या संशोधकांनी दाखवलं की फुगल्याची तक्रार करणाऱ्या अनेकांच्या आतड्यांत वायू फारसा जास्त नसतो. जेवणानंतर निरोगी माणसाचं श्वासपटल सैल पडून वर सरकतं आणि पोटाची भिंत आवळते. या लोकांत उलट होतं: श्वासपटल खाली दाबतं, भिंत ढिली पडते, पोट पुढे येतं. स्नायूंच्या विद्युत-नोंदी पडद्यावर दाखवत त्यांना हे शिकवलं तर फुगणं कमी होतं. म्हणजे वर्षानुवर्षं आतड्याच्या खात्यावर मांडलेली तक्रार निदान काहींत स्नायूंच्या खात्यातली असते.

आमच्या रुग्णाने दुखऱ्या बरगडीला धक्का नको म्हणून उजवी बाजू आवळून श्वास घ्यायची सवय लावून घेतली होती. श्वास अडणं आणि फुगणं तिथून आलं असावं, असा माझा अंदाज.

उपचार

सुरुवातीला दोन आठवडे काहीच केलं नाही, फक्त वही ठेवायला लावली: रोज दुखणं दहापैकी किती, किती रात्री जळजळ, जेवणानंतर फुगलं की नाही. गोळीचा डोस जसाच्या तसा. एकाच वेळी औषध बदललं, पथ्य बदललं आणि पाठही मोकळी केली तर नंतर श्रेय वाटताना सगळेच रांगेत उभे राहतात.

मग सात आठवड्यांत पाच भेटी. पाठीच्या पट्ट्यावर सावकाश दाब. बरगड्यांसाठी रुग्णाच्याच श्वासाचा आणि हलक्या प्रतिकाराचा वापर: मी धरायचं, त्यांनी सौम्य ढकलायचं, सोडल्यावर नवी मर्यादा पकडायची. श्वासपटलाच्या कडेला अंगठे ठेवून श्वास सोडताना ते वर जाऊ द्यायचं. कडकड आवाज काढणारा झटका मुद्दाम टाळला. सरकत्या बरगडीवर त्याने नुकसान होऊ शकतं. घरी रोज दोनदा दहा मिनिटं झोपून श्वासाचा व्यायाम, एक हात पोटावर, एक उजव्या बरगड्यांच्या बाजूवर. ढकलगाडी दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून वळवायची.

सात आठवड्यांनी वहीत असं दिसलं: दुखणं सरासरी सहावरून दीडवर. श्वास तिसऱ्या भेटीलाच मोकळा. फुगणं आठवड्यात सहा दिवसांवरून दोनवर. जळजळ साडेचार रात्रींवरून साडेतीनवर, म्हणजे जवळपास तिथेच. गोळी चालू ठेवली.

मला हा निकाल आवडतो, कारण तो सरसकट नाही. सगळंच सारखं सुधारलं असतं तर मी आधी आशेच्या परिणामाचा संशय घेतला असता. भिंतीतलं दुखणं गेलं, यंत्रातला बिघाड बराच गेला, अन्ननलिकेचा स्वतःचा आजार मागे उरला.

मोठ्या चाचण्यांचं चित्रही याहून उजळ नाही. न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या 50 वर्षांवरच्या 406 जणांवर अमेरिकेत ऑस्टिओपथिक उपचारांची चाचणी झाली, निष्कर्ष 2010 मध्ये आले. नेमून दिलेल्या सगळ्यांचा हिशेब धरला तर गटांत ठोस फरक नव्हता. ठरल्याप्रमाणे उपचार पूर्ण झालेल्यांपुरतं पाहिलं तर रुग्णालयातले दिवस नेहमीच्या उपचारांपेक्षा कमी दिसले, पण नुसता हलका स्पर्श केलेल्या गटापेक्षा ठळकपणे नाही. आणि अवयवांनाच हाताने ‘हलवणाऱ्या’ पोटाच्या ऑस्टिओपथीचा 2018 मध्ये जो पद्धतशीर आढावा निघाला, त्यात ना तपासणीची विश्वासार्हता सापडली ना उपचाराचा पुरावा. रचनेचा अवयवावर निर्विवाद परिणाम पाहायचा असेल तर कण्याच्या मोठ्या वाकडेपणाकडे पाहावं, तिथे छातीचा पिंजराच आखडतो आणि फुफ्फुसाला जागा उरत नाही. पण ती हाडाची बदललेली रचना आहे, अडलेला सांधा नव्हे. दोन्हींना एका वाक्यात बसवणारे लोक पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला उसना देतात.

आठ महिन्यांनी

दुखणं गेल्यावर त्यांना हुरूप आला. चौदा महिने हालचाल थांबल्याने वाढलेलं वजन उतरवायचं ठरवलं आणि अगदी कडक आहार धरला. अकरा आठवड्यांत 18 किलो. हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

त्या परत आल्या तेव्हा दारातूनच म्हणाल्या, ‘बरगडी पुन्हा अडकली, तीच जागा.’ तळहात तिथेच, पाठीत फऱ्याच्या खालीही तेच. मी पाठ तपासली. सात ते नऊचा उजवा पट्टा होता, आधीपेक्षाही ताठ. ओळखीचा माणूस दिसल्यावर आपण नाव विचारत नाही, तसंच झालं. उपचार केले, बरं वाटलं, त्या गेल्या.

दोन दिवसांनी फोन: पुन्हा जसंच्या तसं. हीच पहिली खूण होती. मागच्या वेळी प्रत्येक भेटीचा परिणाम आठवडाभर टिकायचा. आतल्या आजारामुळे ताठलेली पाठ मोकळी केली तरी लगेच पूर्ववत होते, कारण घंटा वाजवणारा आत बसलेलाच असतो. हे ऑस्टिओपथीच्या वर्गात सर्वांना शिकवतात आणि मीही ते शिकलो होतो.

दुसऱ्या भेटीत आधीच करायला हवं होतं ते सगळं केलं. दुखणं कधी येतं? रात्री, जेवणानंतर तासा-दोन तासांनी. चढत जातं, तीन-चार तास राहतं, मग उतरतं. त्या वेळी काय करता? ‘येरझाऱ्या घालते, कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही.’ शिंकताना? नाही. वळताना? नाही. कार्नेटची चाचणी: डोकं उचलल्यावर दुखणं कमी. आकडा लावून बरगडी ओढली: काही नाही. श्वास आत घेताना पित्ताशयाच्या जागी दाबलं: अडखळल्या.

सोनोग्राफीत पित्ताशयात अनेक खडे. भिंत जाडावलेली नव्हती, नळी मोकळी होती.

पहिल्या वेळच्या दोन सोनोग्राफी खोट्या नव्हत्या. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं, आणि स्निग्ध पदार्थ जवळजवळ बंद केल्याने पित्ताशय नीट रिकामं होत नाही. साचलेल्या, दाट झालेल्या पित्तात काही महिन्यांत खडे बनू शकतात. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरवणाऱ्यांत हा धोका स्पष्ट वाढतो. एकाच बाईच्या एकाच तळहाताएवढ्या जागेत वर्षभराच्या अंतराने दोन निरनिराळी दुखणी झाली, आणि पाठीने दोन्ही वेळा सारखाच चेहरा दाखवला.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचा उजवा खांदा दुखू लागला आणि त्यांनी निरोप पाठवला, ‘आता मान बिघडली का?’ मान ठीक होती. शस्त्रक्रियेसाठी पोटात भरलेला कार्बन डायऑक्साइड श्वासपटलाला चुरचुरतो. श्वासपटलाची नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या भागातून निघते आणि खांद्याची कातडीही जवळपास तिथेच नोंदवलेली आहे. दोन दिवसांत ते गेलं.

सहा आठवड्यांनी मी पाठ पुन्हा तपासली, मध्ये एकदाही हात न लावता. सात ते नऊचा पट्टा मऊ होता. पहिल्या वेळी तो मोकळा करायला पाच भेटी लागल्या होत्या. या वेळी पित्ताशय गेल्यावर तो आपोआप सुटला. एका रुग्णावरून नियम काढता येत नाही, विश्रांती आणि वेदनाशामकांचा वाटाही असेल. पण बाणाची दिशा एवढी स्वच्छ क्वचितच दिसते.

माझ्या टिपणवहीत तेव्हापासून एक बदल आहे. जुनं दुखणं घेऊन परत आलेल्या माणसाचा कागद मी कोरा घेतो, मागचा उलटून वाचत नाही. आधी वेळ, जेवण, हालचाल, वजन, डोकं उचलून पाहणं. पाठ सर्वांत शेवटी. पाठ आधी पाहिली की ती बोलू लागते आणि बाकीचं ऐकू येत नाही.

बाईंची बरगडी अजूनही वर्षातून एक-दोनदा सरकते, बहुतेक नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले की. तेव्हा त्या स्वतःच पलंगावर उताण्या पडून, दुखऱ्या जागी बोट ठेवून डोकं उचलून बघतात आणि मगच फोन करायचा की श्वासाचा व्यायाम करायचा ते ठरवतात. जळजळ आहेच. तिची गोळी चालू आहे.